लोकमान्यांची वाटणी

धाराशिवला आमचे अडतीचे दुकान होते. वडील आणि त्यांचे स्नेही भागीदार. पण लेखी काहीच नव्हते. पुढे हिशेबाचा दावा बारा वर्षे चालला. त्या दिवसांत मला लोकमान्य टिळक वेगळ्याच कारणाने आठवत.

१८५६ साली रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांनी १८७९ साली कायद्याची पदवी घेतली. वकिली मात्र केली नाही. मित्रांसह १८८० साली शाळा आणि १८८१ साली ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे काढली. मतभेद वाढले, १८८७ साली आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले. उरलेल्या भागीदारांशीही पटेना. अखेर १८९१ साली वाटणी झाली. आर्यभूषण छापखाना भागीदारांकडे गेला, दोन्ही पत्रे कर्जासकट टिळकांनी घेतली. देणे कोणाचे हे ठरले आणि पत्रे जगली.

त्याच सुमारास त्यांनी लातूरला भागीदारीत जिनिंगचा कारखानाही काढला. १९८२ पर्यंत लातूर आपल्याच जिल्ह्यात होते! टिळक १९२० साली गेले. ‘केसरी’ मागे राहिला.

वडिलांच्या दाव्याने मला एवढेच शिकवले: भांडवल कोणाचे, नफा किती, फुटल्यास कर्ज कोणाचे, पंच कोण, हे गोडी असतानाच लिहावे. भागीदारीची नोंदणी करावी, दरवर्षी हिशेबावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात. वडिलांचा दावा मिटला. स्नेही मात्र परत आले नाहीत.