बोटे वळली, पण कुंचला सुटला नाही

जव्हार-मोखाड्यात संसार चालतो तो हातांवर. भाताची आवणी असो, नाचणीची कापणी असो की भिंतीवरचे वारली चित्र. ही बोटे सकाळी आखडू लागली, सांधे सुजले, की वय झाले म्हणून तो विषय तिथेच संपतो. अशाच आजाराने हात गमावत गेलेल्या एका चित्रकाराचे आयुष्य म्हणूनच समजून घेण्यासारखे आहे.

ओग्यूस्त रन्वार यांचा जन्म 1841 मध्ये फ्रान्समधील लिमोझ येथे एका शिंप्याच्या घरी झाला. तेराव्या वर्षी ते चिनीमातीच्या भांड्यांवर नक्षी रंगवू लागले. पुढे मोने यांच्यासोबत त्यांनी दृक्‌प्रत्ययवादी चित्रशैली घडवली. पन्नाशीच्या सुमारास त्यांना रुमेटॉइड संधिवाताने गाठले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते.

1897 मध्ये सायकलवरून पडून त्यांचा उजवा हात मोडला. त्यानंतर आजार बळावत गेला. उबदार हवेसाठी ते दक्षिणेकडील कान्य येथे राहायला गेले. 1912 च्या सुमारास चालणेही बंद झाले. बोटे तळव्याकडे वळली. नखे रुतू नयेत म्हणून हाताला पट्ट्या गुंडाळत. मदतनीस त्या बोटांत कुंचला अडकवून देई. मोठा कॅनव्हास रुळांवर चढवून सरकवला जाई. अशा अवस्थेतही त्यांनी रंगवणे सोडले नाही. 3 डिसेंबर 1919 रोजी, 78 व्या वर्षी, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

त्यांच्या काळी वेदनाशामके आणि गरम झऱ्यांतील स्नान याखेरीज फारसे काही नव्हते. या आजारावर कॉर्टिसोन प्रथम वापरले गेले ते 1948 मध्ये. आज मेथोट्रेक्सेटसारखी औषधे सांध्यांची झीज रोखू शकतात. मात्र एकदा वाकडी झालेली बोटे औषधाने सरळ होत नाहीत. म्हणून उशीर महागात पडतो.

साठीनंतरही हा आजार नव्याने सुरू होऊ शकतो. त्या वयात उपचार थांबवायचे नसतात, सांभाळून करायचे असतात. मूत्रपिंडे मंदावलेली असल्याने मेथोट्रेक्सेटची मात्रा बेताने ठरवावी लागते. हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते. वेदनाशामकांनी जठरात रक्तस्राव होऊ शकतो, तर स्टिरॉइडने हाडे ठिसूळ होतात. त्यामुळे रक्ताच्या नियमित तपासण्या हव्यातच.

सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकत असेल आणि सांध्यांची सूज काही आठवड्यांत उतरत नसेल, तर आजी-आजोबांना जव्हारच्या किंवा मोखाड्याच्या सरकारी रुग्णालयात दाखवा. रन्वार यांच्याकडे जिद्द होती, औषध नव्हते. आपल्याकडे औषध आहे. ते वेळेत घ्यायला हवे.