देवनागरीच्या खिळ्यांना घाट देणारे जावजी दादाजी

माळशिरसच्या बाजारपेठेतील फलक असो वा मुंबईतील वृत्तपत्राचा मथळा, ठळक आणि आटोपशीर रुंदीचे देवनागरी अक्षर आज सहज उमटते. संगणकापूर्वी मात्र असे प्रत्येक अक्षर धातूत घडवावे लागे. त्या कष्टाच्या विद्येला मराठीत प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी चौधरी यांचे स्थान अग्रभागी आहे.

जावजींचा जन्म १८३९ मध्ये मुंबईत गरीब कुटुंबात झाला. शालेय शिक्षण जेमतेमच. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामाला लागले. पगार दरमहा दोन रुपये. तेथे टॉमस ग्रॅहम देवनागरी खिळे सुबक करण्याच्या खटपटीत होते. ती कला जावजींनी पाहून पाहून आत्मसात केली. पुढे टाइम्स, इंदुप्रकाश आदी छापखान्यांत त्यांनी उमेदवारी केली.

इंग्रजी वर्णमालेत अवघी सव्वीस अक्षरे. त्यामुळे जाहिरातींसाठी जाड, अरुंद, नक्षीदार अशा नाना तऱ्हांचे टाइप युरोप-अमेरिकेत झपाट्याने निघाले. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे धरून खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाते. पोलादी ठसा कोरायचा, तो तांब्यावर ठोकून साचा करायचा आणि त्यात शिशाचा रस ओतायचा. आकार बदलला की हे सारे पुन्हा नव्याने. अक्षर जाड करावे तर पोटातील पोकळी बुजते, अरुंद करावे तर जोडाक्षर गुदमरते. शिवाय हस्तलिखित पोथीच्या वळणाला सरावलेल्या वाचकाला बेढब अक्षर रुचणारे नव्हते.

हे जाणूनही जावजींनी १८६४ मध्ये, पंचविशीत, स्वतःचा टाइप ओतण्याचा कारखाना काढला. ठसे कोरण्यात निष्णात असलेले राणोजी रावजी आरू यांची त्यांना मोलाची साथ लाभली. १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू झाला. त्याचे पंचांग घरोघरी पोहोचले आणि त्याचे खिळे इतर मुद्रकही विकत घेऊ लागले.

केवळ सुबकतेवर जावजी थांबले नाहीत. शुद्ध मुद्रणाचाही त्यांनी ध्यास घेतला. १८८६ मध्ये त्यांनी काव्यमाला हे मासिक सुरू केले. पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांच्या संपादनाखाली त्यातून अनेक दुर्मीळ संस्कृत काव्ये प्रकाशात आली. जीर्ण पोथ्यांत अडकलेले हे धन देशोदेशीच्या अभ्यासकांच्या हाती पडले.

१८९२ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षाच्या आसपास, जावजींचे निधन झाले. पुत्र तुकाराम जावजी यांनी छापखान्याचा लौकिक पुढे चालविला. खिळ्यांचे युग आता सरले. परंतु देवनागरीचे नवे ठळक वळण रेखाटणाऱ्याला पोकळी आणि जोडाक्षर यांचे तेच कोडे आजही सोडवावे लागते. ज्या मुलाच्या वाट्याला शाळा फारशी आली नाही, त्याने विद्वानांच्या हाती शुद्ध ग्रंथ ठेवले, हेच जावजींच्या आयुष्याचे खरे संचित होय.