आईला बाळाजवळ ठेवणारे डॉक्टर

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या बायका दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामाला जाऊ लागल्या, तेव्हा त्यांच्या तान्ह्या मुलांसाठी तिथे एक पाळणाघर निघाले. युद्ध संपल्यावर डॉ. जेम्स स्पेन्स तिथे येऊ लागले. १८९२ मध्ये जवळच्याच ॲम्बल गावी जन्मलेले स्पेन्स युद्धात सैन्याचे डॉक्टर होते आणि त्यांना मिलिटरी क्रॉस मिळाला होता. त्यांच्या देखरेखीखाली या पाळणाघराचे बाळांचे रुग्णालय झाले.

त्या काळी रुग्णालयात मूल दाखल केले की आईने घरी जायचे, ठरलेल्या वेळी भेटायला यायचे. आईमुळे जंतू येतात, मूल रडते, अशी समजूत होती. स्पेन्स यांनी १९२५ पासून आजारी बाळासोबत आईलाही ठेवून घेतले. अंगावरचे दूध सुटत नसे, बाळ या हातातून त्या हातात जात नसे आणि एकाचा जुलाब दुसऱ्याला लागण्याचा धोका कमी होई. शिवाय बाळाचे काही बिघडले, तर ते आईच्या आधी लक्षात येई. आज यात नवल वाटत नाही; तेव्हा मात्र हा धाडसी निर्णय होता.

१९३४ मध्ये त्यांनी शहरातील गरीब आणि सुखवस्तू घरांतल्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली. गरीब मुले उंचीने, वजनाने कमी होती आणि त्यांच्यात रक्तक्षय व न्यूमोनिया जास्त होता.

मग दुसरे महायुद्ध आले. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९४१ साली दर हजार जन्मांमागे साठ बाळे वर्षाच्या आत दगावत होती. स्पेन्स आणि त्यांचे सहकारी डॉ. मिलर यांनी १९३९ सालातील न्यूकॅसलच्या बालमृत्यूंची कारणे तपासली. त्यात जंतुसंसर्गाचा वाटा मोठा निघाला. मृत्यूच्या दाखल्यावर रोगाचे नाव असते, पण तो रोग घरात कसा शिरला हे दाखला सांगत नाही. ते घरी जाऊनच कळते. १९४२ मध्ये ते तिथे बालआरोग्याचे प्राध्यापक झाले. इंग्लंडमधले असे ते पहिले पूर्णवेळ अध्यासन.

युद्धानंतर, १९४७ च्या मे आणि जूनमध्ये शहरात जन्मलेल्या ११४२ बाळांची नोंद झाली आणि परिचारिका व डॉक्टर त्यांच्या घरी जाऊ लागले. या बाळांच्या पहिल्या वर्षावरचे पुस्तक १९५४ मध्ये निघाले. त्याच वर्षी स्पेन्स वारले. त्यातील अनेकांची तपासणी पन्नाशीपर्यंत चालू राहिली.