मुलांकडे पाहायला शिकवणाऱ्या डॉक्टर

बालवाडीच्या पाटीवर ‘मॉन्टेसरी’ हे नाव आपण सर्रास वाचतो. पण मारिया मॉन्टेसरी मुळात डॉक्टर होत्या, हे अनेकांना ठाऊक नसते. रुग्ण तपासल्याशिवाय औषध द्यायचे नाही, ही वैद्यकातली शिस्त त्यांनी बालशिक्षणात आणली.

त्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील किआराव्हाल्ले येथे झाला. १८९६ मध्ये रोम विद्यापीठातून त्या डॉक्टर झाल्या. त्या काळी इटलीत महिला डॉक्टर बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात काम करताना, वेड्यांच्या इस्पितळात मोठ्या माणसांबरोबर कोंडलेली मतिमंद मुले त्यांना दिसली. त्यांच्या हाताला काहीच काम नव्हते. मॉन्टेसरींनी इतार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांचे जुने ग्रंथ अभ्यासले, त्यानुसार साधने बनवून घेतली आणि मुलांसोबत दिवसदिवस घालवले. त्यांतील काही मुले पुढे साध्या शाळेतील मुलांच्या बरोबरीने लेखन-वाचनाची परीक्षा उत्तीर्ण झाली. सगळ्यांनी कौतुक केले. मॉन्टेसरींना मात्र वेगळाच प्रश्न पडला: ही मुले इथवर येतात, तर धडधाकट मुले शाळेत मागे का राहतात?

उत्तर शोधण्याची संधी त्यांना रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मिळाली. आईवडील कामावर गेले की मुले इमारतीची नासधूस करत, म्हणून मालकांना त्यांना सांभाळणारे कोणी तरी हवे होते. ६ जानेवारी १९०७ रोजी तिथे ‘बालगृह’ सुरू झाले. मॉन्टेसरींनी मुलांची उंची आणि वजन नोंदवले, साधने समोर ठेवली आणि त्या पाहत राहिल्या.

सुमारे तीन वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्यातील खाचांत दट्टे बसवत होती. इतर मुलांना गाणे म्हणायला लावले, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तरी तिचे लक्ष ढळले नाही. तिने तेच काम चाळीसहून अधिक वेळा केले. लहान मुलांचे चित्त स्थिर राहत नाही, हा समज तिथे डळमळला. एकदा शिक्षिका कपाटाला कुलूप लावायला विसरली, तेव्हा मुलांनी आपापले साधन स्वतः निवडून घेतले. त्यानंतर कपाटे ठेंगणी आणि उघडी झाली. नियम आधी ठरला नव्हता, तो निरीक्षणातून आला.

टीकाही झाली. १९१४ मध्ये अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिक यांनी ही पद्धत जुन्या मानसशास्त्रावर उभी असल्याचे म्हटले. शिवाय मॉन्टेसरींकडे तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. ती कसोटी बरीच उशिरा लागली. २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतील एक अभ्यास आला. तिथल्या मॉन्टेसरी शाळेत प्रवेश सोडतीने मिळत होता. सोडतीत नाव निघालेल्या आणि न निघालेल्या मुलांची तुलना केल्याने पालकांच्या हौसेचा परिणाम वेगळा काढता आला. पाच वर्षांची मॉन्टेसरीतील मुले अक्षरओळख, गणित आणि सामाजिक समज यांत सरस ठरली. मात्र ही शाळा मूळ पद्धत काटेकोर पाळणारी होती. नुसत्या पाटीने ते साधत नाही.

१९३९ मध्ये मॉन्टेसरी भारतात आल्या आणि महायुद्धामुळे इथेच अडकल्या. मद्रासमधील अड्यार आणि कोडाईकॅनल येथे राहून त्यांनी हजाराहून अधिक शिक्षक तयार केले. त्यांच्या विचारांनी भारलेल्या ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासह १९२६ मध्येच नूतन बालशिक्षण संघ स्थापला होता. पुढे १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडला काम करताना महागड्या साधनांऐवजी त्यांनी बिया, शिंपले, पाने वापरली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना अशी रुजली. साधने बदलली, पाहण्याची शिस्त तीच राहिली.

मॉन्टेसरी ६ मे १९५२ रोजी नेदरलँड्समध्ये निवर्तल्या. बालवाडी निवडताना पालकांनी भिंतीवरच्या रंगांपेक्षा दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: बाई मुलांच्या नोंदी ठेवतात का, आणि त्या नोंदींवरून शिकवणे बदलतात का?