कार्सिनॉइड गाठीला नाव देणारे डॉ. सिगफ्रीड ओबर्नडॉर्फर, आणि त्या गाठीचा हृदयाच्या झडपांशी असलेला संबंध

तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या बायॉप्सीच्या रिपोर्टवर कार्सिनॉइड किंवा न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर असे शब्द लिहून आले असतील. त्यानंतर डॉक्टरांनी हृदयाचा इको करायला सांगितला असेल. गाठ आतड्यात आणि तपासणी हृदयाची, हे पाहून तुम्ही गोंधळून गेला असाल तर त्यात नवल नाही. शिरूर अनंतपाळसारख्या गावाहून लातूरला जायचं, एक दिवसाची मजुरी किंवा शेतातलं काम बुडवायचं, आणि हृदयाची काहीच तक्रार नसताना हृदयाची तपासणी कशाला करायची, असं वाटणं साहजिक आहे.

याचं उत्तर समजून घेण्यासाठी या गाठीला नाव देणाऱ्या डॉक्टरांची जीवनकथा उपयोगी पडेल. त्यांनी ही गाठ नेमकी ओळखली. तिच्या स्वभावाबद्दल मात्र त्यांचा अंदाज सुरुवातीला चुकला. तो त्यांनी स्वतःच दुरुस्त केला.

म्युनिकमधला तरुण विकृतिशास्त्रज्ञ

सिगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांचा जन्म २४ जून १८७६ रोजी जर्मनीतील म्युनिक शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून ते म्युनिकमध्येच विकृतिशास्त्र, म्हणजे पॅथॉलॉजी, या शाखेत काम करू लागले. या डॉक्टरांची आणि रुग्णांची समोरासमोर भेट फारशी होत नाही. शस्त्रक्रियेत काढलेला किंवा शवविच्छेदनात मिळालेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आजार कोणता हे ते सांगतात. तुमच्या हातातला बायॉप्सीचा रिपोर्टही अशाच एका डॉक्टरांनी लिहिलेला असतो. तुम्ही त्यांना पाहिलेलं नसतं, पण पुढचे सगळे उपचार त्यांच्या शब्दावर ठरतात.

ओबर्नडॉर्फर यांना लहान आतड्यात काही छोट्या गाठी आढळल्या. त्यांच्याआधी १८८८ मध्ये ओटो लुबार्श यांनीही अशा गाठींचं वर्णन केलं होतं, पण या गाठी नेमक्या कशा आहेत ते ठरलं नव्हतं. सूक्ष्मदर्शकाखाली त्या कर्करोगासारख्या दिसत. प्रत्यक्षात मात्र त्या लहान होत्या, कडेने स्पष्ट होत्या, अनेकदा एकापेक्षा जास्त असत आणि फार हळू वाढत.

१९०७ मध्ये ड्रेस्डेन येथे भरलेल्या जर्मन विकृतिशास्त्रज्ञांच्या सभेत त्यांनी ही माहिती मांडली आणि त्याच वर्षी लेखही प्रसिद्ध केला. त्यात सहा रुग्णांमधल्या गाठींचं वर्णन होतं. या गाठींना त्यांनी कार्सिनॉइड हे नाव दिलं. त्याचा अर्थ कर्करोगासारखी दिसणारी, पण कर्करोग नसलेली गाठ. या गाठी आजूबाजूला घुसत नाहीत, दुसऱ्या अवयवात पसरत नाहीत आणि रुग्णाला त्रास देत नाहीत, असं त्यांचं तेव्हाचं मत होतं.

स्वतःचंच मत बदलणारा डॉक्टर

पुढे ते म्युनिकच्या श्वाबिंग रुग्णालयात विकृतिशास्त्र विभागाचे प्रमुख झाले आणि १९३३ पर्यंत त्या पदावर राहिले. या काळात त्यांनी अशा आणखी गाठी पाहिल्या. त्यांच्या नावावर आता एक गाजलेला शोध होता आणि त्यांनी दिलेलं नाव सगळीकडे रुजलं होतं. अशा वेळी आपलं जुनं मत धरून बसणं सोपं असतं.

ओबर्नडॉर्फर यांनी तसं केलं नाही. १९२९ मध्ये त्यांनी अपेंडिक्स आणि लहान आतड्यातल्या ३६ कार्सिनॉइड गाठींची माहिती लिहिली. यातल्या काही गाठी घातक होऊ शकतात आणि दुसरीकडे पसरू शकतात, हे त्यांनी त्यात मान्य केलं. पहिल्या लेखानंतर २२ वर्षांनी केलेली ही दुरुस्ती होती.

रुग्ण म्हणून तुमच्यासाठी या आयुष्यातली ही सर्वात महत्त्वाची गोष्ट आहे. नाव जुनंच राहिलं, त्यामुळे आजही गाठ साधी आहे, कर्करोगासारखी दिसते पण कर्करोग नाही, असं कोणीतरी तुम्हाला सांगेल. अपेंडिक्समधली एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ पूर्ण काढली असेल, तर बहुतेकांना पुढे काही करावं लागत नाही हे खरं आहे. पण लहान आतड्यातली गाठ यकृतात पोहोचली असेल, तर तिला साधी म्हणून सोडून देता येत नाही. ती हळू वाढते म्हणून रुग्ण अनेक वर्षं जगतात, आणि म्हणूनच त्या वर्षांमध्ये हृदय जपावं लागतं.

देश सुटला, काम सुटलं नाही

१९३३ मध्ये जर्मनीत नाझी सत्तेवर आले. ज्यू असल्यामुळे ओबर्नडॉर्फर यांना पदावरून दूर करण्यात आलं. त्या वर्षी ते ५७ वर्षांचे झाले. ज्या शहरात जन्म झाला, शिक्षण झालं आणि उभं आयुष्य गेलं, ते त्यांना सोडावं लागलं.

त्याच वर्षी तुर्कस्तानात अतातुर्क यांच्या सरकारने इस्तंबूल विद्यापीठाची नव्याने उभारणी सुरू केली होती. जर्मनीतून बाहेर पडावं लागलेल्या अनेक प्राध्यापकांना तिथे बोलावण्यात आलं. ओबर्नडॉर्फर त्यांपैकी एक. नवा देश आणि नवी भाषा असूनही त्यांनी तिथे विद्यार्थी घडवले, विकृतिशास्त्राचा विभाग सांभाळला आणि कर्करोग संशोधनाच्या कामालाही दिशा दिली. १९४४ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, इस्तंबूलमध्येच त्यांचं निधन झालं.

साधारण त्याच काळात आपल्याकडे मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं. तिथल्या प्रयोगशाळांची जबाबदारी डॉ. वसंत रामजी खानोलकर या मराठी विकृतिशास्त्रज्ञाने घेतली. भारतातल्या कर्करोग निदानाचा पाया ज्यांनी घातला, त्यांच्यात त्यांचं नाव आदराने घेतलं जातं. आज मराठवाड्यातून बायॉप्सीचे ब्लॉक घेऊन लोक परळला जातात, त्यामागे ही परंपरा आहे.

जे त्यांना कळू शकलं नाही

ही गाठ हृदय बिघडवू शकते, ही गोष्ट ओबर्नडॉर्फर यांच्या हयातीत स्पष्ट झाली नव्हती. इटलीचे व्हित्तोरियो एर्स्पामेर १९३० च्या दशकात आतड्यातल्या एका रसायनाचा अभ्यास करत होते. अमेरिकेत १९४८ मध्ये रक्तातून सेरोटोनिन वेगळं काढण्यात आलं. ही दोन्ही रसायनं एकच आहेत हे नंतर कळलं. १९५३ मध्ये फ्रेड लेम्बेक यांना कार्सिनॉइड गाठीत हेच सेरोटोनिन सापडलं. १९५४ मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांनी संपूर्ण आजाराचं चित्र मांडलं. त्यात यकृतात पसरलेली गाठ, चेहरा अचानक लाल होणं, जुलाब, दम्यासारखी धाप आणि हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपांचं नुकसान हे सगळं होतं. ओबर्नडॉर्फर जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.

झडपा कशा बिघडतात

आतड्यातून निघणारं रक्त आधी यकृतात जातं. यकृत निरोगी असेल तर ते बहुतेक सेरोटोनिन तिथेच निकामी करतं. म्हणून गाठ फक्त आतड्यात असताना हृदयाला सहसा त्रास होत नाही. गाठ यकृतात पसरली की तिथून सुटणारं सेरोटोनिन थेट हृदयाच्या उजव्या बाजूला पोहोचतं.

झडपांवरच्या पेशी या रसायनामुळे उत्तेजित होतात आणि झडपेवर पांढरट, चिवट थर जमू लागतो. झडप जाड होते, आखडते आणि ताठ होते. दाराचं फळकुट पावसाने फुगून चौकटीत अडकतं, मग ते पूर्ण उघडत नाही आणि नीट लागतही नाही, तसंच हे आहे. सर्वात जास्त नुकसान ट्रायकस्पिड झडपेचं होतं आणि त्याखालोखाल फुप्फुसाकडे जाणाऱ्या पल्मोनरी झडपेचं. हृदयाची डावी बाजू बहुधा वाचते, कारण रक्त तिकडे जाण्याआधी फुप्फुसं सेरोटोनिनचा मोठा भाग निकामी करतात.

हा फरक लक्षात ठेवा. आपल्या भागात झडपेचा आजार म्हटलं की लहानपणीच्या रुमॅटिक तापामुळे बिघडलेली डाव्या बाजूची मायट्रल झडप आठवते. उजव्या बाजूची झडप एकटीच बिघडलेली दिसली आणि सोबत जुलाब किंवा चेहरा लाल होण्याचा इतिहास असेल, तर या आजाराचा विचार करावा लागतो. म्हणून इको करायला जाताना कार्सिनॉइडचा रिपोर्ट सोबत न्या आणि उजव्या बाजूच्या झडपा नीट पाहायला सांगा.

तुम्ही काय लक्षात ठेवायचं

पहिली गोष्ट, त्रास होण्याची वाट पाहू नका. झडप बरीच बिघडेपर्यंत रुग्णाला फारसं जाणवत नाही. नंतर लवकर थकवा येतो, पाय सुजतात, पोट फुगतं, मानेच्या शिरा टरारतात. कार्सिनॉइडची लक्षणं असलेल्यांनी साधारण वर्षातून एकदा इको करावा. झडप आधीच बिघडलेली असेल तर डॉक्टर तो दर तीन ते सहा महिन्यांनी सांगतात. एनटी-प्रोबीएनपी ही रक्ताची तपासणीही हृदयावरचा ताण ओळखायला मदत करते.

दुसरी गोष्ट, २४ तासांच्या लघवीची ५-एचआयएए तपासणी. तिच्यावरून शरीरात किती सेरोटोनिन तयार होतंय याचा अंदाज येतो. त्याआधी दोन-तीन दिवस आणि लघवी गोळा करण्याच्या दिवशी केळी, अननस, टोमॅटो, वांगी आणि अक्रोड खाऊ नका. प्रयोगशाळेने दिलेल्या बाटलीत आधीच औषध असेल तर ते ओतून देऊ नका. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा, पण मनाने बंद करू नका.

तिसरी गोष्ट, औषधं. ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडची दर चार आठवड्यांनी घ्यायची इंजेक्शनं गाठीतून सुटणारी रसायनं कमी करतात. जुलाब थांबले म्हणून इंजेक्शन चुकवू नका. झडपेवर जमलेला थर या इंजेक्शनांनी निघून जात नाही, पण सेरोटोनिन आटोक्यात ठेवणं हृदयासाठीही महत्त्वाचं आहे. झडप फार बिघडली तर ती बदलण्याची शस्त्रक्रिया करता येते. हृदयाचा उजवा कप्पा पूर्ण थकण्याआधी ती केली तर फायदा जास्त होतो.

चौथी गोष्ट, कोणतीही शस्त्रक्रिया, अगदी दाताची किंवा हर्नियाची असली तरी, भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा आजार आधी सांगा. भूल देताना गाठीतून रसायनं एकदम सुटून रक्तदाब धोकादायकरीत्या बदलू शकतो. आधी कळलं तर ऑक्ट्रिओटाइड देऊन हा धोका कमी करता येतो.

पाचवी गोष्ट, खाणं. ही गाठ शरीरातलं ट्रिप्टोफॅन सेरोटोनिन बनवण्यात खर्च करते, त्यामुळे ब-३ जीवनसत्त्व कमी पडून पेलाग्रा होऊ शकतो. त्यात उन्हाचा भाग काळवंडतो, कातडी सोलते आणि जीभ लाल होते. १९६० च्या सुमारास हैदराबादच्या डॉ. सी. गोपालन यांनी दख्खनमध्ये मुख्यतः ज्वारीवर राहणाऱ्या गरीब लोकांमधल्या पेलाग्राचा अभ्यास केला होता. याचा अर्थ भाकरी सोडा असा नाही. भाकरीसोबत डाळ, शेंगदाणे, दूध, आणि चालत असेल तर अंडी किंवा मासे घ्या. जुलाब जास्त असतील तर ब-३ च्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा. दारूने चेहरा लाल होण्याचा त्रास वाढतो, ती टाळा.

शिरूर अनंतपाळच्या रुग्णाने दर वेळी मुंबईला जायची गरज नसते. इको आणि नेहमीच्या तपासण्या लातूरला होऊ शकतात. मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञांनी आखलेले उपचार आणि जवळच्या फिजिशियनची देखरेख यांची सांगड घातली की खर्च आणि धावपळ दोन्ही कमी होतात. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका फाइलमध्ये ठेवा, विशेषतः इकोचे. आधीच्या इकोशी तुलना केल्यावरच झडप किती बदलली हे कळतं.

ओबर्नडॉर्फर यांनी स्वतःच्या पहिल्या निष्कर्षाकडे २२ वर्षांनी पुन्हा पाहिलं आणि त्यातली चूक सांगितली. तुमच्या आजारातही हीच सवय उपयोगी पडते. गेल्या वर्षीचा इको चांगला होता म्हणून यंदाचा टाळू नका. आजाराला नाव मिळालं तरी त्याच्याकडे पुन्हा पुन्हा पाहत राहावं लागतं.

ही माहिती समजून घेण्यासाठी आहे. उपचार सुरू करताना किंवा बदलताना तुमच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.