कमाटीबाग आणि तंजावरचे दिवाणसाहेब

संध्याकाळी कमाटीबागेत फिरावयास येणाऱ्या दहा बडोदेकरांस ही बाग कोणी केली असे विचारले, तर दहाही जण श्रीमंत सयाजीराव महाराजांचे नाव घेतील. बागेचे रूढ नावच सयाजीबाग, तेव्हा त्यांस दोष कसा द्यावा? पण सन पाहिला की मन अडखळते. बाग झाली १८७९ साली. महाराजांचा जन्म ११ मार्च १८६३ चा. म्हणजे त्या वेळी ते पंधरा-सोळा वर्षांचे विद्यार्थी होते आणि राज्याचे अधिकार हाती यावयास १८८१ चा डिसेंबर उजाडावयाचा होता. कारभार पाहात होते दिवाण राजा सर टी. माधवराव. महाराजांच्या थोरवीत याने काडीइतके उणे येत नाही. मात्र दिवाणसाहेबांचे देणे बडोद्याने मनातून पुसल्यासारखे केले आहे, म्हणून हे चार शब्द.

नावातला ‘टी’ तंजावरचा. मराठी राज्याच्या आश्रयाने दक्षिणेत रुजलेल्या देशस्थ घराण्यांपैकी हे एक. माधवरावांचा जन्म कुंभकोणम् येथे १८२८ साली झाला. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, ही स्थिती आपणा बडोदेकर मराठी मंडळींस निराळी समजावून सांगावयास नको. वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव दोघेही त्रावणकोरचे दिवाण झालेले. माधवरावांचे शिक्षण मद्रासेत पॉवेलसाहेबांच्या हाताखाली झाले. गणितात त्यांची बुद्धी विशेष चाले. १८४९ साली ते त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून गेले आणि १८५८ साली, तिशीच्या उंबरठ्यावर, त्याच संस्थानचे दिवाण झाले. कर्जात रुतलेले संस्थान त्यांनी सावरले. ती हकीकत अनेकांनी लिहिली आहे, मी तिकडे वळत नाही.

माझे लक्ष वेधते ते त्रिवेंद्रमच्या एका जागेने. तेथे १८५७ साली पदार्थसंग्रहालय उघडले आणि १८५९ साली त्याला लागून प्राणिसंग्रह झाला, भोवती बाग. माधवरावांच्या दिवाणगिरीची वर्षे या आवाराच्या बालपणाची वर्षे होत. पुढे जुनी इमारत पाडून नवी बांधली गेली, ती १८८० साली पुरी झाली, आणि तिचे शिल्पकार होते मद्रासचे रॉबर्ट चिझम. आता आपली कमाटीबाग डोळ्यांपुढे आणा. झाडी, प्राणिसंग्रह, मध्ये पदार्थसंग्रहालय. आणि १८९४ साली पुऱ्या झालेल्या त्या इमारतीचे शिल्पकार तेच चिझम! संग्रहालय सयाजीरावांच्या अमदानीतले, यात वाद नाही. पण बाग, पशुपक्षी आणि विद्या एका आवारात नांदवावयाची ही कल्पना त्रिवेंद्रमहून दिवाणसाहेबांच्या सामानातून आली असावी, असे मला वाटते. लेखी पुरावा मजपाशी नाही. साम्य मात्र बोलके आहे.

इंदूरची दोन वर्षे उरकून माधवराव १८७५ च्या मे महिन्यात बडोद्यास आले. ते आले ते पडझडीत. खंडेराव महाराजांनी मोत्यांचा गालिचा करविला, मल्हाररावांनी सोन्याच्या तोफा ओतविल्या, आणि रयत पिळून निघाली. रेसिडेंट फेअर यांच्यावरील विषप्रयोगाचा खटला होऊन मल्हारराव एप्रिलमध्ये पदच्युत झाले. खजिना रिता, सरदार रुष्ट, गादीवर कवळाण्याहून आणलेला बारा वर्षांचा मुलगा. अशा वेळी काटकसर करणारा दिवाण कोणास आवडणार? आमच्यासारख्या दरबारी गवयांच्या घरांतून तर काटकसर हा शब्दच अप्रिय. माझे वडील दरबारी कलावंत; पगाराची तारीख चुकली की घरात काय होते हे मी लहानपणी ऐकत आलो. पण न्यायाने बोलावयाचे तर, ज्या दिवाणाने वायफळ खर्चास लगाम घातला त्यानेच बागेस पैसा दिला, हे विसरता येत नाही.

तोवर बडोद्यास बागा नव्हत्या असे नाही. नजरबाग होती, मोतीबाग होती, मस्तूबाग होती; पण त्या राजघराण्याच्या. तेथे गाणे झाले तर ऐकणारे आमंत्रित. कमाटीबागेत बँडस्टँड आहे. त्यावर वाजणारे सूर भाजी घेऊन घरी निघालेल्या माणसाच्याही कानी पडतात. त्याला ना पोशाख लागतो, ना चिठ्ठी. दरबारी मैफलीचा दर्जा त्याला नाही, हे मी शिक्षक म्हणून कबूल करतो. तरी कान तयार व्हावयाचा तो अशा फुकटच्या श्रवणानेही होतो.

जागाही मोठी विचारपूर्वक निवडली गेली. तटाबाहेर, जुने शहर आणि रेल्वे स्टेशन यांच्यामध्ये, विश्वामित्रीच्या काठी, सुमारे ११३ एकर. शहर तिथवर पोचण्याआधीच जमीन राखली गेली. गेल्या वर्षी भाच्याकडे हैदराबादेस, कुकटपल्लीस गेलो होतो, तेव्हा याचे मोल उमगले. एके काळचे ते खेडे. आधी गृहनिर्माण मंडळाची वसाहत, मग स्वतंत्र नगरपालिका, आणि २००७ साली हैदराबादच्या महापालिकेत सामील. लहान लहान उद्याने आहेत, पण संध्याकाळी झोपाळ्यापुढे मुलांची रांग लागते आणि म्हाताऱ्यांस बाक मिळत नाही. नल्ला चेरुवू नावाच्या तळ्याभोवतीची अतिक्रमणे २०२४ साली हटवावी लागली. घरे आधी आणि मोकळी जागा मागाहून शोधावयाची, असा उलटा क्रम! आपल्याकडे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला आणि बागेत पाणी शिरले. तेथे घरे असती तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही.

माधवरावांचे आणखी एक काम असेच. त्रावणकोरचे चित्रकार रविवर्मा यांस बडोद्याची वाट त्यांनीच दाखविली. पुढे १८८४ साली त्यांनी रविवर्म्यांस सुचविले की निवडक चित्रे युरोपात छापवून घ्यावीत, म्हणजे मागणाऱ्या सर्वांस ती मिळतील. रविवर्म्यांचा स्वतःचा छापखाना त्यानंतर दहा वर्षांनी निघाला, आणि महालातली लक्ष्मी-सरस्वती चाळीतल्या भिंतीवर आली. तंजावरच्या मोहिते घराण्यातील कन्येशी महाराजांचा विवाह १८८० साली झाला, तोही यांच्याच दिवाणगिरीत; तिच्याबरोबर तंजावरी नर्तकी आणि साथीदार आले व बडोद्यास भरतनाट्याची ओळख झाली.

१८८१ साली त्यांनी तरुण महाराजांस राज्यकारभारावर व्याख्याने दिली. राज्याचे उत्पन्न राजाची खासगी मिळकत नव्हे, प्रजेचे सुख हेच त्याचे काम, हा त्यांचा सारांश. शिष्याने हे इतके मनावर घेतले की अधिकार हाती येताच त्याला स्वतःच्या विचाराने चालावेसे वाटू लागले. मतभेद झाले आणि १८८२ च्या सप्टेंबरात दिवाणसाहेबांनी बडोदे सोडले. गुरूला हे रुचले नसेल. पण तालीम चांगली झाली की शिष्य आपली तान आपणच घेतो.

अखेरची वर्षे मद्रासेत गेली. १८८७ साली तेथे भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या स्वागत समितीचे ते अध्यक्ष होते. ४ एप्रिल १८९१ रोजी ते वारले. कमाटीबागेतील संग्रहालय तीन वर्षांनी पुरे झाले. त्रिवेंद्रमला सचिवालयासमोर त्यांचा पुतळा उभा आहे. त्या नाक्यास तेथील लोक नुसते ‘स्टॅच्यू’ म्हणतात, आणि रोज तेथे उतरणाऱ्यांपैकी किती जणांस तो कोणाचा हे ठाऊक असेल, देव जाणे.