रायपूरचे हबीब तन्वीर

१ सप्टेंबर १९२३ रोजी रायपुरात जन्मलेले हबीब तन्वीर लॉरी म्युनिसिपल हायस्कूलमध्ये शिकले, तेथील नाटकांत वावरले आणि १९४४ साली नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवीधर झाले. मुंबईतील उमेदवारीनंतर दिल्लीत १९५४ मध्ये त्यांनी ‘आग्रा बाजार’ हे नाटक उभे केले, तेही जामिया मिलियाचे विद्यार्थी आणि शेजारच्या ओखला गावातील माणसे यांना घेऊन. मंचावर दिवाणखाना नव्हे, अवघा बाजार होता : काकडीवाला, पतंगवाला, पुस्तकविक्रेता, मदारी. एवढ्या नवख्या माणसांची ये-जा आणि सामानसुमान सांभाळणे ही पडद्यामागील साहाय्यकांची खरी कसोटी. प्रेक्षकांना तिची गंधवार्ताही नसते.

लंडनला ‘राडा’त नाट्यशिक्षण घेऊन परतल्यावर, १९५८ मध्ये, त्यांनी छत्तीसगढचे सहा लोककलावंत ‘मिट्टी की गाडी’साठी दिल्लीस नेले. येथेच शिस्त आडवी आली. रात्र रात्र नाचा रंगवणारे हे नट हिंदी संवाद आणि आखून दिलेल्या हालचाली यांपुढे अवघडून गेले. दोष नटांचा नसून पद्धतीचा आहे, हे उमगण्यास तन्वीरांना अनेक वर्षे लागली. मग त्यांनी नटांना छत्तीसगढी बोलू दिले, मोकळे वावरू दिले. १९७३ मध्ये रायपुरातच नाचा कार्यशाळा भरली. १९७५ मध्ये ‘चरणदास चोर’ आले आणि १९८२ साली एडिंबरा येथे गौरवले गेले. त्यांच्या ‘नया थिएटर’च्या कारभाराचा मोठा भार पत्नी मोनिका मिश्र यांनी वाहिला. त्या २००५ मध्ये निवर्तल्या. तन्वीर ८ जून २००९ रोजी भोपाळला.